पाचव्या मजल्यावरचा दिवा

तोक्यो, २८ ऑक्टोबर २०१८

आई,

तुमच्याकडे भात कापून झाला असेल आणि मागच्या परसात काकीची, म्हणजे पर्सिमॉनची, फळं रंगायला लागली असतील. इथे आम्हाला ऋतू माशांवरून कळतो. यंदाचे सान्मा बारीकच आहेत, पाठीवर चरबीच नाही.

तुम्हाला 'आई' म्हणायचा हक्क घटस्फोटाच्या कागदाबरोबर गेला, हे मला माहीत आहे. 'सुगावाराबाई' असं लिहून पाहिलं, पण पुढे हातच चालेना. तेव्हा चालवून घ्या.

आमचा बाजार हलला. त्सुकिजीची ती ओली, उंदरांची जुनी जागा सोडून आम्ही सगळे तोयोसूला आलो. इथे सगळं बंद, गार आणि स्वच्छ. मालक म्हणतो, "तोशिआकी, आपण मासे विकतोय की औषधं, तेच कळेना." मी मात्र पूर्वीसारखाच पहाटेपासून ट्यूना कापतो आणि दुपारी मोकळा होतो.

बाजाराच्या दारातच यूरिकामोमेचं स्टेशन आहे. तीच, चालक नसलेली गाडी. कोतोने बालवाडीत होती तेव्हा आपण सगळे तिच्यात बसलो होतो. तुम्ही घाबरून विचारलं होतंत, "अहो, पण ही चालवतंय कोण?" आणि सगळ्यात पुढच्या सीटवर बसलेली कोतोने म्हणाली होती, "मी."

आता अंधार पडला की कॅमेरा घेऊन मी त्या पुढच्या सीटवर बसतो. चालकाची जागाच नाही, त्यामुळे समोर फक्त काच असते आणि काचेपलीकडे सगळं शहर. आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब काचेवर पडू नये म्हणून डोक्यावरून काळं फडकं घेतो. लहान मुलं हसतात. हात जरा हलला तरी दिवे नूडल्ससारखे लांबतात, म्हणून दहातला एखादाच फोटो जमतो.

जमलेले पाच सोबत पाठवतोय. नवीन वर्षाला कोतोने तुमच्याकडे येईल तेव्हा तिला द्याल का? तिच्या आईकडे, चिहारूकडे, पाठवलेली पाकिटं न फोडता परत येतात. माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिला साधा फोटो पाठवायलाही मला आडवाट शोधावी लागते. असो.

तोशिआकी


त्सुरुओका, ९ नोव्हेंबर २०१८

तोशिआकीसान,

थंडी उतरली आहे. सोबतच्या खोक्यात काकी आहेत. दारू शिंपडून ठेवली आहेत, म्हणजे तुरटपणा जाईल. आठवडाभर खोकं उघडू नका. तुम्हाला धीर नसतो, म्हणून सांगते.

फोटो पाहिले. चांगले आहेत. पूल चांगला आलाय, पाण्यातले दिवेही. पण पाचांतल्या चारांत एकच इमारत आहे. कोपऱ्यात असेल, लहान असेल, पण आहे. मला काय कळत नाही असं समजू नका. ती चिहारूच्या हॉस्पिटलची वसाहत आहे. कोतोने झाली तेव्हा दोन महिने त्या बाल्कनीत मीच लंगोट वाळत घालत होते.

तुम्ही शहराचे फोटो काढत नाही. तुम्ही एक खिडकी बघायला जाता. मला तसं लिहिलं असतंत तरी मी रागावले नसते. लपवलंत, त्याचा राग आला.

मार्चमधलं तुम्ही एका शब्दाने काढलं नाहीत, म्हणून मीच काढते. कोतोनेला रविवारी संध्याकाळी परत आणायचं ठरलं होतं. तुम्ही तिला समुद्रावर नेलंत, फोन बंद ठेवलात आणि मंगळवारी आणून सोडलंत. 'ती रडत होती, जायचं नाही म्हणत होती,' हे तुमचं कारण. चिहारू ते दोन दिवस पोलीस चौकीच्या बाकावर बसून होती. माझी मुलगी चार घास खाऊन पुन्हा ड्युटीवर जाणारी आहे, पण त्या दोन दिवसांत ती म्हातारी झाली. पाकिटं परत येतात ती त्यामुळे.

तरी फोटो मी कोतोनेला देईन. बाप आहात. पण एक कबूल करा. गाडीतून काय बघायचं ते बघा. त्या स्टेशनवर उतरायचं नाही.

सुगावारा मित्सुए


तोक्यो, १६ डिसेंबर २०१८

आई,

काकी आठवडाभर थांबून खाल्ली. गोड होती. मालकाला दोन दिली तर म्हणाला, "तुझ्या सासूने तुला अजून सोडलं नाही, म्हणजे चूक तुझ्या बायकोचीच दिसते."

तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. उतरणार नाही. कबूल.

आता लपवायचं काही उरलं नाही, तर सांगतो. टेनिसच्या मैदानांपुढे रूळ वळतात. त्या वळणाआधी गाडी सरळ त्या इमारतीवर चालून जाते, आणि पाचवा मजला अगदी समोर येतो. पिवळा पडदा. त्यामागे सहाच्या सुमारास दिवा लागतो. चिहारू तेव्हा ड्युटीवर असते, म्हणजे दिवा कोतोनेच लावते. कधी पडद्यावर तिचं डोकं दिसतं. मग गाडी वळते. तेवढंच. दुसऱ्या टोकाला जाऊन त्याच गाडीने परत येतो.

गाडीला चालक असता तर त्याने मला केव्हाच ओळखलं असतं. 'हा रोज का येतो' म्हणून एक तरी नजर टाकली असती. इथे बघणारं कोणी नाही, हे मला बरं पडतं.

हिवाळा माझा मित्र आहे. लवकर काळोख पडतो, आठला झोपलो तरी दोनला उठता येतं.

फोटो बघून ती काय म्हणाली ते लिहा. वाईट म्हणाली तरी लिहा.

तोशिआकी


त्सुरुओका, ८ जानेवारी २०१९

तोशिआकीसान,

नवीन वर्ष. बर्फ गुडघ्याच्या वर आलं आहे. शेजारचा साइतो येऊन वाट काढून देतो, आणि तासभर चहा पीत बसतो.

कोतोने आणि चिहारू चार दिवस राहून गेल्या. कोतोने उंच झाली आहे. तांदळाची मोची खाताना पूर्वीसारखीच चिकटवून घेते, गालाला, केसांना.

फोटो मी तिला न्हाणीघरातून आल्यावर दिले, चिहारू दुकानात गेली होती तेव्हा. पालथी पडून बघत बसली. मग म्हणाली, "आजी, बाबा डोक्यावरून काळं फडकं घेतो ना, म्हणून काचेत आपण दिसत नाही. मी म्हणायचे, फडकं नको, आपण पण येऊ दे फोटोत. तो म्हणायचा, मग शहर नीट येणार नाही."

मी विचारलं, "मग तुला कसे वाटले?"

"छान आहेत. पण माणूस एकही नाही."

तिने ते दप्तरात ठेवले. तुम्ही विचारलंत म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

चिहारू थकली आहे. ती काय ठरवेल ते तिचं, मी मध्ये पडणार नाही. तुम्हीही आता थोडे दिवस फोटो पाठवू नका.

मित्सुए


तोक्यो, २० एप्रिल २०१९

आई,

साकुरा इकडे गळूनही गेली, तुमच्याकडे आत्ता कुठे उमलत असेल.

माझ्या फेब्रुवारीच्या पत्राला उत्तर आलं नाही. पाठदुखी असेल, बर्फ असेल, असं समजून चाललो. पण आता विचारल्याशिवाय राहवत नाही.

मार्च संपता संपता काही दिवस खिडकीत अंधार होता. पिवळा पडदाही नव्हता. सुट्टी लागली म्हणून कोतोनेला तुमच्याकडे धाडलं असेल ना? एकदा तर त्या स्टेशनवर दार उघडलं तेव्हा पाय बाहेर पडणारच होता. तुम्हाला दिलेला शब्द आठवला आणि पुन्हा बसलो.

मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिवा लागला. नवा पडदा, निळा. गाडीत मी एकटाच हसलो. चौथीत गेली, आता पिवळा पडदा बाळांचा वाटत असेल. निळा तिनेच मागितला का? की चिहारूने आणला? हे असं काही कळलं की मला आठवडाभर पुरतं.

सोबत एकच फोटो. निळा पडदा नीट आला आहे.

तोशिआकी


त्सुरुओका, २ मे २०१९

तोशिआकीसान,

रोपं लावायची घाई आहे, थोडक्यात लिहिते.

हो, सुट्टीत कोतोने इथे होती. निळा तिला आवडतो आता.

तब्येत ठीक. काळजी नसावी.

मित्सुए


तोक्यो, १० जुलै २०१९

आई,

तुमचं पत्र दोन ओळींचं होतं, पण मी ते पाकिटातच ठेवून रोज बरोबर नेतो.

उन्हाळा वाईट. सातपर्यंत उजेड हटत नाही. फोटो काढून घरी पोचेपर्यंत निजायची वेळ टळून जाते. परवा डुलकी लागली आणि सुरी तळहातात गेली. सहा टाके पडले. मालक म्हणाला, "संध्याकाळी कुठे जातोस ते मी विचारत नाही. पण ती बाई असेल तर तिला सांग, तुला झोपू दे." मी म्हटलं, बाई नाही, गाडी आहे. त्याला ते जास्तच वाईट वाटलं.

पण आई, ऐका. ती मला ओळखते.

तानाबाताच्या सणाच्या आदल्या दिवशी बाल्कनीत बांबूची फांदी बांधली होती, इच्छा लिहिलेल्या चिठ्ठ्या लटकत होत्या. ती कठड्याशी उभी होती. गाडी वळणाआधी हळू होते तेव्हा तिने हात हलवला. मला वाटलं भास झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता रोज, दिवा लागला की ती बाहेर येते आणि गाडीच्या नेमक्या पुढच्या काचेकडे बघून हात हलवते. इतक्या लांबून तिला माझं तोंड दिसणं शक्य नाही. काळं फडकं दिसत असणार. तिलाच तर ते माहीत आहे.

फोटो सोबत आहे. चेहरा अंधारात गेला आहे, पण वर उचललेला हात बघा.

एकच गोष्ट खटकते. रविवारी त्याच बाल्कनीत एक पुरुष कपडे वाळत घालत होता. बनियनवर. घरचाच असल्यासारखा. तो कोण? तुम्हाला माहीत असेल तर सांगा. मी काही करणार नाही. आणि ऑगस्टात ओबोनच्या सणाला कोतोने तुमच्याकडे येणार असेल, तर एक दिवस मीही येऊ का? तुमच्यासमोर भेटेन, घराच्या ओट्यावर. आत येणारही नाही.

तोशिआकी


त्सुरुओका, ५ ऑगस्ट २०१९

तोशिआकीसान,

ओबोनला येऊ नका.

कोणाच्या बाल्कनीत कोण कपडे वाळत घालतं, हे विचारायचा हक्क तुम्हाला उरलेला नाही. चिहारू तरुण आहे. तुम्ही काय समजायचं ते समजा.

हाताला जपा. पाण्यात काम आहे तुमचं, जखम चिघळेल. आणि ते फोटो आता बंद करा. तुम्हाला झोपेची गरज आहे. मी हात जोडून सांगते, त्या गाडीत बसू नका.

शेंगा पाठवत आहे. मीठ जास्त घालून उकडा.

मित्सुए


तोक्यो, २२ सप्टेंबर २०१९

सुगावाराबाई,

या वेळी हात चालला.

तुमचं ऑगस्टचं पत्र वाचून मी समजलो की चिहारूने दुसरं घर मांडलं. महिनाभर मी तेच घोटत बसलो. मुलगी मला बघून हात हलवते, आणि आत कोणीतरी बनियनवर बसून तिच्याबरोबर जेवतो. गेल्या गुरुवारी गाडीचं दार उघडलं आणि मी उतरलो. तुम्हाला दिलेला शब्द मोडला. तुम्ही माझा विश्वास त्याआधीच मोडला होता, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

हातात खाऊचं पाकीट होतं, गळ्यात कॅमेरा आणि ते फडकं. पाचव्या मजल्यावर घंटी वाजवली. साखळी लावून एका बाईने दार किलकिलं केलं. तिला मी याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

"कोण हवंय?"

मी म्हटलं, "कोतोने. मी तिचा बाबा."

"चुकलात तुम्ही. इथे कोतोने नावाचं कोणी नाही."

"इथे माझी मुलगी राहते."

ती म्हणाली, "इथे आमची मुलगी राहते."

तेवढ्यात तिच्या कमरेखालून एक पोर डोकावली. सहा-सात वर्षांची, पुढचे दात पडलेली. माझ्या गळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, हाच तो. गाडीतला फडकंवाला. मी ज्याला टाटा करते तो."

त्या बाईचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. तिने मुलीला मागे ढकललं आणि आत हाक मारली, "अहो, इकडे या. तो आलाय. वर आलाय."

बनियनवाला आला. भला माणूस असावा. त्याने मारलं नाही. दार लावून घेतलं आणि चौकीला फोन केला. मी जिन्यातच बसून राहिलो, पळायचं सुचलंच नाही. हवालदाराने नाव लिहून घेतलं, कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. दुसऱ्याच्या मुलीचे, दुसऱ्याच्या बाल्कनीतले, अडीच महिन्यांचे. मग त्याने कुठेतरी फोन लावला. मागच्या वर्षीच्या मार्चचं सगळं बाहेर आलं आणि त्याचा आवाज बदलला.

ते लोक एक एप्रिलला राहायला आले होते, असं त्यानेच सांगितलं. दोन मे रोजी तुम्ही मला लिहिलंत की निळा तिला आवडतो.

ते वाक्य लिहिताना तुम्ही कुठे बसला होतात? स्वयंपाकघरात की देवघरापाशी? हसत होतात का? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. मला 'माहीत नाही' एवढं लिहिलं असतंत तरी चाललं असतं. काहीच लिहिलं नसतंत तरी चाललं असतं.

त्या पोरीचे सगळे फोटो मी पुसले. हवालदारासमोर, एकेक करून.

इनागाकी तोशिआकी


त्सुरुओका, १४ ऑक्टोबर २०१९

तोशिआकीसान,

विचारलंत तर सांगते. स्वयंपाकघरात बसले होते. हसत नव्हते.

आता मी सांगते ते सगळं शेवटपर्यंत वाचा, मग हवं तर पत्र जाळा.

नवीन वर्षाला कोतोने फोटो दप्तरात घालून गेली. तोक्योला पोचल्यावर तिनेच आईला दाखवले, कौतुकाने. "बघ, बाबाने आपलं घर काढलंय. ही आपली खिडकी, ही पण आपलीच." चिहारूने त्याच रात्री मला फोन केला.

"आई, हे फोटो हिच्याकडे कुठून आले?"

"मी दिले."

"यात काय आहे ते पाहिलंस?"

"शहर आहे."

"शहर नाही, माझी खिडकी आहे. हा माणूस रोज माझी खिडकी बघतो आणि माझ्याच आईच्या हातून मला ते कळवतो."

मी म्हटलं, "तो गाडीतून उतरत नाही. शब्द दिलाय त्याने मला."

ती म्हणाली, "आज उतरत नाही."

त्या महिन्यातच तिने नवी नोकरी शोधली. तेव्हा नीट समजून घ्या. ती घर सोडून गेली ती तुमच्या फोटोंमुळे, आणि ते फोटो तिच्या घरात पोचवले मी. तुम्ही आणि मी मिळून तिला तिथून उठवलं.

जाताना तिने मला बजावलं. तुम्हाला एका अक्षराने कळलं, तर मलाही कोतोने दिसणार नाही. मी कोतोनेला निवडलं. तुम्ही माझ्या जागी असता तर दुसरं काय केलं असतंत? ती कोणत्या शहरात आहे ते मला माहीत आहे. पत्ता माहीत नाही. तेवढा विश्वास तिने माझ्यावरही ठेवला नाही. बाल्कनीतल्या माणसाबद्दल मी तुम्हाला जे समजू दिलं ते खोटं. चिहारूच्या घरी कोणी नाही. ती रात्रपाळ्या करते आणि झोपते. मला वाटलं, राग आला तर तुम्ही जायचं सोडाल. चुकले.

मी शब्द पाळला, तरी ओबोनला ती आली नाही. कोतोनेला मी जानेवारीपासून पाहिलेलं नाही. फोनवर "हो आजी, नाही आजी" एवढंच बोलते, मागे आई उभी असणार.

मग खोटं का लिहिलं? एप्रिलमध्ये मी गप्प बसणार होते. पण तुमचं पत्र आलं. त्यात निळा पडदा होता, ती चौथीत गेली होती, ती दिवा लावत होती. मी ते दोनदा वाचलं. मला माहीत होतं ती दुसऱ्याची मुलगी आहे. तरी पुढच्या पत्राची मी वाट बघायला लागले. तुमच्या पत्रातली कोतोने रोज संध्याकाळी दिसायची, हात हलवायची. माझ्याकडे तेवढीही नव्हती.

चौकीवाल्यांनी चिहारूला कळवलं. तिचा फोन आला होता.

"तू त्याला सांगितलं नाहीस ना, आम्ही गेलो ते?"

"नाही."

"मग तो तिथे गेला कशाला?"

"कारण मी सांगितलं नाही."

तिने फोन ठेवला. त्यानंतर केलेला नाही.

तुम्ही मला बाई म्हणा, आई म्हणू नका, मला चालेल. पण कोर्टात जा. भेटीसाठी रीतसर अर्ज करा. हे मी तुम्हाला मागच्या वर्षीच सांगायला हवं होतं, पण तुम्हीही तेव्हा विचारलं नाहीत. तुम्हाला गाडी सोपी वाटली.

मित्सुए


तोक्यो, २३ फेब्रुवारी २०२०

आई,

बाजारात आता हिवाळी बुरी मासे संपत आले. जखम भरली, पण अंगठा पूर्ण मिटत नाही. मला कापायच्या कामावरून काढून खोकी भरायला दिलं आहे.

कुटुंब न्यायालयात अर्ज केला होता. चिहारू एका खोलीत बसायची, मी दुसऱ्या. मध्यस्थी करणारे दोघे, एक निवृत्त गृहस्थ आणि एक बाई, इकडून तिकडे जात-येत. माझ्याशी बरे बोलले. पहिल्या बैठकीत त्या बाईंनी विचारलं, "मुलीशी तुमचा जीव जडलेला आहे हे दाखवणारं काही आहे का तुमच्याकडे?"

मी अल्बम नेला होता. वर्षभराचं काम. त्यांनी सावकाश पानं उलटली. पूल, पाणी, क्रेन, आकाशपाळणा, इमारती. शेवटच्या पानापर्यंत गेल्या आणि चष्मा काढून म्हणाल्या, "फार सुंदर आहेत हो. पण यात तुमची मुलगी कुठे आहे?"

गृहस्थ हळूच म्हणाले, "पुढच्या खेपेला तिचा एखादा फोटो आणा." तिचा अलीकडचा माझ्याकडे एकही नाही.

पुढच्या खेपेला चौकीचा कागद त्यांच्या समोर होता. दुसऱ्याच्या दारात गेलो, दुसऱ्याच्या मुलीचे फोटो काढले. मी समजावून सांगत होतो, आणि माझ्याच कानांना ते वेड्याचं बोलणं वाटत होतं. भेट नाकारली. चिहारूने वर्षातून दोनदा कोतोनेचा एक फोटो मला पाठवायचा, मी उत्तर द्यायचं नाही, एवढं ठरलं. मी सही केली.

पहिला फोटो काल आला. वकिलामार्फत, पाकिटावर वकिलाचाच पत्ता.

तुम्हाला म्हणून सांगतो, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. दिव्याखाली बसून भिंग घेतलं. कोतोने एका भिंतीसमोर उभी आहे. भिंत राखाडी, खूण एकही नाही. तिच्या शाळेच्या बिल्ल्याच्या जागी अंगठ्याएवढा तुकडा कापून काढला आहे. डावीकडे झाडाची एक फांदी येते, ती कोणत्या जातीची ते शोधलं. जमिनीवर ओल आहे, म्हणजे कुठे पाऊस पडला असेल याचा हिशेब केला. बुटांवरची माती पाहिली. सावली कोणत्या बाजूला पडते ते पाहिलं. चिहारूने फोटो काढायला शिकून घेतलं आहे. तिने जागा अशी पुसली आहे की माझ्यासारख्यालाही सापडू नये.

मग भिंग खाली ठेवलं आणि लक्षात आलं, मी अजून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलेलंच नाही.

एक प्रत काढून सोबत ठेवली आहे. तुम्ही आधी चेहरा बघा.

तोशिआकी